सासूबाई नामधारी असल्याचा पुरावा

१ जानेवारी १९९९. सकाळी ६.
नवी डायरी. खताच्या दुकानदाराने फुकट दिली आहे, त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी कोणत्या पिकाला काय टाकावं ते छापलंय. चालेल. संकल्प : यंदा पीएच.डी. काहीही होवो. विषय पक्का आहे, 'ग्रामपंचायतींची स्वायत्तता : कागदावरची आणि प्रत्यक्षातली'. रजिस्ट्रेशनचं शेवटचं एक्स्टेन्शन ३१ डिसेंबरला संपतं. आमचे हेड संभाजीराव सरही त्याच दिवशी रिटायर होतात. पीएच.डी. असेल त्यालाच खुर्ची. म्हणजे पुढच्या एक तारखेला राज्यशास्त्र विभागाचे हेड प्रा. डॉ. मल्हार देवकाते.
दुसरा संकल्प : हिंदुरावचं नाव या डायरीत लिहायचं नाही.

सकाळी ६.१०.
मोडला. पण नाव न घेता माणसाचा सूड घेता येत नाही. दुसरा संकल्प रद्द.

३ जानेवारी.
हिंदुराव कोण, हे एकदा नोंदवून ठेवतो. आमच्याच विभागात, मला सहा वर्षं ज्युनिअर. किरकोळ रजेचा अर्ज कसा भरायचा हे त्याला मी शिकवलं. चार वर्षांपूर्वी दया येऊन त्याला हुरडा खायला माझ्या सासुरवाडीला नेलं. त्याने हुरडा खाल्ला, शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि जाताना माझी सासुरवाडी खिशात घालून नेली. तेच गाव पीएच.डी.ला घेतलं. तीन वर्षांत डॉक्टर! त्या गावावर मी लग्न झाल्यापासून विचार करतोय. विचार करणं हीसुद्धा संशोधनाची पायरीच आहे, पण विद्यापीठ ती मोजत नाही.
संशोधनाच्या नीतीप्रमाणे गावाचं नाव उघड करायचं नसतं. मी 'गाव क' असंच लिहीन. (अंथुर्ण्याच्या स्टँडवर उतरून वडापच्या जीपवाल्याला 'देवकाते सरांची सासुरवाडी' म्हटलं की सोडतो.)

१२ जानेवारी.
हिंदुरावच्या प्रबंधाचं पुस्तक निघालं. कॉलेजच्या हॉलमध्ये प्रकाशन. दुसऱ्या रांगेत बसलो आणि टाळ्या वाजवल्या नाहीत. पेढा घेतला, पण खाल्ला नाही. घरी आणून मग खाल्ला.
रात्रीच्या जेवणाआधी पुस्तक चाळलं आणि खुर्चीतून उडालोच. सहावं प्रकरण आख्खं माझ्या सासूबाईंवर! सासूबाई, म्हणजे सारजाबाई, महिला राखीव जागेवर पंच्याण्णव साली गाव क-च्या सरपंच झाल्या. तो लिहितो, 'तालुक्यातील सर्वांत स्पष्टवक्त्या सरपंच.' स्पष्टवक्त्या! माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत या बाईंनी माझ्यासमोर तोंडातून अक्षर काढलेलं नाही. मी घरात पाऊल टाकलं की पदर नाकापर्यंत येतो आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराआड. काही सांगायचं असेल तर सासऱ्यांना कुजबुजतात, सासरे मला सांगतात.
हिंदुरावची मानगूट आता माझ्या हातात आहे. हायपोथिसिस : गाव क-च्या सरपंच नामधारी आहेत. सगळा कारभार सासरे दत्तोबा, ज्यांना गाव आबा म्हणतं, ते बघतात. सहावं प्रकरण खोटं ठरलं की पुस्तक खोटं, पुस्तक खोटं की डॉक्टरकी खोटी. डॉक्टरकी गेली की तो स्टाफरूममध्ये कुठे बसणार हेही मी ठरवलंय. माठाशेजारी, हात मोडलेल्या खुर्चीत.
मनिषाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आई तुमच्यासमोर बोलत नाही. म्हटलं, तेच तर मी म्हणतोय! तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मटार सोलायला गेली. बायकोचा पाठिंबा असला की संशोधनाला बळ येतं.

२६ जानेवारी.
फील्डवर्क सुरू. ग्रामसभेला हजर राहिलो. पोचेपर्यंत पंचायतीच्या हॉलमधून एका बाईचा खणखणीत आवाज रस्त्यापर्यंत येत होता. गटाराच्या ठेकेदाराची खरडपट्टी चालली होती. मी आत शिरलो आणि आवाज बंद. कोण बाई होती, असं चौघांना विचारलं. चौघेही नुसते हसले. गावात अशा जागरूक महिलेचं नावसुद्धा दडपलं जातं, याची स्वतंत्र नोंद केली.
मला पुढे खुर्ची दिली, वर धुतलेला टॉवेल. सासूबाई समोर सरपंचाच्या जागेवर, पदर हनुवटीपर्यंत, गप्प. उरलेली पूर्ण सभा आबांनी चालवली. सासूबाई मधूनमधून त्यांच्याकडे झुकत होत्या, बहुधा काय चाललंय ते विचारत असाव्यात. स्पष्टवक्त्या म्हणे! परत येताना भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांमागे स्कूटर तासभर अडकली, तरी मन प्रसन्न होतं. हिंदुरावचा चेहरा डोळ्यांपुढे आणून शीळ घातली.

१४ फेब्रुवारी.
प्रश्नावली घेऊन गाव क-मध्ये दिवसभर. साठ उत्तरदाते. रस्ता कसा आहे? झ्याक. (त्याच रस्त्यावर स्कूटर पंक्चर.) नळाला पाणी? भरपूर. सरपंचांबद्दल तक्रार? छे छे. कुशाबाई नावाच्या म्हातारीने तर चहाबरोबर खारी दिली आणि म्हणाली, जावयबापू, तुमी लिवा की समदं ब्येस हाय म्हून, आमी कशाला न्हाय म्हनू. मी समजावलं की खरं सांगा, हे गुप्त राहील. ती म्हणाली, गुपित न्हाय आन् काय न्हाय, जावयाम्होरं गावाची उणी काडायची असत्यात व्हय?
घरी येऊन टेबल केलं. शंभर टक्के समाधानी. हिंदुरावच्या पुस्तकात अडतीस टक्के लोक नाराज आहेत. म्हणजे माझा डेटा त्याच गावाची त्याच्यापेक्षा जास्त स्तुती करतोय. असं कसं? टेबल दोनदा तपासलं.
मग उलगडलं. लोक दहशतीखाली आहेत. कुणाच्या? आबांच्या. भीतीशिवाय कुणी त्या रस्त्याला झ्याक म्हणेल का! तिसरं प्रकरण तयार.

९ मार्च.
तीन आठवडे लेखन नाही. बारावीच्या परीक्षा, सुपरव्हिजन, मग घसा. वेळ अगदीच वाया गेला नाही. टाइमटेबल कमिटीवर मी आहे. हिंदुरावचे चारही तास शनिवारी शेवटच्या पिरियडला टाकले. सूड हा लहान हप्त्यांत घ्यावा, तब्येतीला मानवतो.

११ मार्च.
टाइमटेबलमध्ये गोंधळ झाल्याने शनिवारचे चार तास प्रिन्सिपॉलनी माझ्याकडे दिले. हिंदुरावला शनिवार मोकळा.

१८ एप्रिल.
आबा बारामतीत बाजाराला आले होते, घरी जेवायला थांबले. भलतेच खुशीत. म्हणाले, जावयबापू, माज्या गोठ्याची भिंत पाडली की हिनं! गटार सरळ न्यायचं म्हून. एका घरात ऱ्हातो आमी, तरी नोटीस दिली मला, शिपायाच्या हातनं, सही घिऊन! म्या म्हनलं, भाकर तर देशील का? म्हनली, भाकर घरची हाय, भिंत पंचायतीच्या जागंत हाय.
आणि हा माणूस हसत होता. मी थक्क झालो. स्वतःच्या गोठ्याची भिंत स्वतःच पाडून घ्यायची, वर बायकोच्या सहीची नोटीस काढवायची, म्हणजे जगाला वाटावं सरपंच तीच! असला कसलेला राजकारणी मी पाहिला नाही. प्रकरण पाच : 'पडद्यामागील सत्ताकेंद्र'. मनिषाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आबांना भिंतीचं वाईट वाटलंय हो, दोन दिवस बोलत नव्हते आईशी. तिला राजकारण कळत नाही, पण आमटी छान करते.

२३ मे.
अधिक महिना. सासुरवाडीला धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण. सफारीचं कापड, अंगठी, पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. संशोधकाने उत्तरदात्याकडून भेट घेऊ नये असा नियम आहे. पण जावयाने वाण नाकारलं तर अपशकुन, असाही नियम आहे. दुसरा नियम जुना आहे, म्हणून तो पाळला.
जेवणानंतर सरपंचांची औपचारिक मुलाखत. मी ओसरीवर, त्या दाराआड, मध्ये उंबऱ्यावर आबा. प्रश्न १ : पंचायतीत निर्णय कोण घेतं? आतून थोडी कुजबुज. आबा म्हणाले, ती म्हनती, मीच घेती. मी लिहिलं : 'उत्तर पतीने दिले.' प्रश्न २ : सह्या वाचून करता का? कुजबुज. आबा म्हणाले, म्हनती, मुलगी मास्तराच्या घरात दिली तवा वाचायला बी शिकलीय. मी लिहिलं : 'उत्तर पतीने दिले.' सतराच्या सतरा प्रश्नांना तेच. शेवटी दाराआडून भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. घरकामाच्या ताणामुळे राजकीय सहभागावर मर्यादा येतात, तळटीप.
मुलाखत संपल्यावर आबा म्हणाले, हिंदुराव मास्तर आलं की ही घंटाघंटा बोलती. मास्तर दमत्यात, ही दमत न्हाय. बिचारे आबा! ठरलेली थाप किती सहज मारतात.

२० जून.
हिंदुरावला अपघाताने का होईना, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर घेतलंय. रागाने दिवसभर काही खाल्लं नाही (भजी सोडून). कुलगुरूंना निनावी पत्र लिहिलं. 'आपल्या मंडळावरील एका सदस्याचे संशोधन काल्पनिक असून सरपंच महिला मुक्या आहेत.' अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने. पोस्टात टाकून आलो तेव्हा इतकं हलकं वाटलं की वाटेत दोघांना चहा पाजला.

२ जुलै.
पत्र परत कॉलेजवर आलं. पाकीट कॉलेजचं होतं, मागे आमच्या विभागाचा शिक्का. प्रिन्सिपॉलनी स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आणि विचारलं, विभागात डावखुरं कोण आहे. कुणीच नव्हतं. हिंदुराव माझ्याकडे बघून हसला नाही. न हसणं हा त्याचा सगळ्यात मोठा उद्धटपणा आहे. हेही हिशेबात धरलं.

१९ ऑगस्ट.
पुण्याला जाऊन माधवी मॅडमना पाच प्रकरणं दाखवली. मॅडम माझ्या गाइड. विद्वान, पण कुणालाही 'छान' म्हणत नाहीत. चष्मा वर करून म्हणाल्या, देवकाते, तुम्ही सरपंचांशी स्वतः बोललात का? म्हटलं, अकरा वर्षं. म्हणाल्या, त्या काय म्हणाल्या? म्हटलं, काहीच नाही, हेच तर माझ्या निष्कर्षाचं सार आहे. त्या म्हणाल्या, हिंदुरावांच्या पुस्तकात त्यांची सात पानांची मुलाखत आहे. मी म्हटलं, ती त्याने घरी बसून लिहिली. मॅडम म्हणाल्या, हा फार गंभीर आरोप आहे. सिद्ध करा, नाही तर काढून टाका. सिद्ध केलंत तर डिसेंबरच्या आत व्हायवा लावायचं मी बघते.
बस! आता फक्त सिद्ध करायचं. परतीच्या एसटीत हिंदुरावचा निरोप समारंभ मनातल्या मनात पूर्ण केला. नारळ मीच देतो.

१२ सप्टेंबर.
निवडणुकीची ड्युटी. पळसदेवच्या बाजूला एका शाळेत. धरणाच्या पाण्याचा वारा सुखद, मच्छर सुखद नाहीत. लोकशाहीमुळे लोकशाहीवरचं लेखन महिनाभर बंद.

१० नोव्हेंबर.
दिवाळीला सासुरवाडी. फराळ करता करता डोक्यात वीज चमकली. सिद्ध कशाला करत बसायचं, सगळ्यांना डोळ्यांनीच दाखवावं! कॉलेजात चर्चासत्र घ्यायचं : 'स्थानिक स्वराज्य आणि महिला नेतृत्व'. अध्यक्षस्थानी माधवी मॅडम. प्रमुख वक्ता हिंदुराव. आणि त्याच्या शेजारी, माइकसमोर, सरपंच सारजाबाई. मी खाली पहिल्या रांगेतून उठणार आणि एकच साधा प्रश्न विचारणार. बाई गप्प. सभागृह गप्प. हिंदुराव पांढरा फटक. मग माठाशेजारची खुर्ची.
जागच्या जागी आबांना म्हटलं, सासूबाईंना बारामतीला भाषणाला यायला सांगा. दाराआड बराच वेळ कुजबुज. आबा म्हणाले, ती इचारती, तुमी असनार का तितं? म्हटलं, पहिल्या रांगेत. पुन्हा कुजबुज. आबा म्हणाले, म्हनती, मग कसं जमंल. मी म्हटलं, जमलंच पाहिजे, माझ्या पीएच.डी.चा प्रश्न आहे. मग आबा म्हणाले, यील म्हनती. लई दिसांचं बोलायचं राह्यलंय म्हनती.
बिचाऱ्या! जावयाच्या शब्दासाठी स्वतःची फजिती करून घ्यायला तयार झाल्या. क्षणभर वाईट वाटलं. लाडू घेतला.

११ नोव्हेंबर.
मनिषा म्हणाली, हे करू नका. माझ्या आईला चारचौघांत उभं करून तुम्ही तुमचं भांडण भांडताय. मी म्हटलं, ज्ञानाच्या क्षेत्रात नातं बघायचं नसतं. ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं तर? मी इतका हसलो की ठसका लागला. तिने पाणी दिलं नाही. घरातसुद्धा हिंदुरावचा प्रभाव पसरत चाललाय.

४ डिसेंबर.
हिंदुराव लगेच तयार झाला! वर म्हणाला, सर, तुम्ही आईंना बोलावलंत, फार बरं केलंत. 'आई' म्हणतो! माझ्या सासूला! अकरा वर्षांत मी नाही म्हटलं कधी. आधी फक्त खुर्चीचा विचार होता, आता शनिवारचे तासही परत त्याच्याच गळ्यात.
प्रिन्सिपॉलनी खर्च मंजूर केला. प्रबंध हाताने लिहून तयार आहे. डीटीपीवाल्याला घाई केली आहे, त्याच्या मते एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार आहेत. पडू देत. तोवर मी हेड झालेला असेन.

१७ डिसेंबर.
तयारी पूर्ण. मांडववाल्याकडून चार कर्णे जादा आणवले. दोन व्हरांड्यात, दोन गेटवरच्या लिंबावर. हॉलमध्ये दोनशेच माणसं मावतात. हिंदुरावची अब्रू जाताना ती फक्त दोनशे जणांना ऐकू यावी, हे बरोबर नाही. स्टँडपर्यंत गेली पाहिजे. मांडववाला म्हणाला, सर, एवढा आवाज कशाला? म्हटलं, शांतता नीट ऐकू यायला. त्याला समजलं नाही.

१८ डिसेंबर. संध्याकाळी ७.
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

हॉल भरला. गाव क ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलं होतं, बायकाच जास्त. मॅडम वेळेवर आल्या. हिंदुरावने वीस मिनिटं भाषण केलं, त्यात माझे दोनदा आभार मानले. मग सासूबाई माइकपाशी आल्या. मला पहिल्या रांगेत बघितलं आणि पदर खाली आला.
मी उठलो. स्वच्छ आवाजात विचारलं, सरपंचबाई, तुमच्या पंचायतीत निर्णय कोण घेतं?
गप्प.
ग्रामसभेत तुम्ही बोलता का?
गप्प. मागे बांगड्या वाजल्या, कुणीतरी खोकलं. हिंदुराव रुमालाने कपाळ पुसत होता. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. तिसऱ्या प्रश्नाची गरज नव्हती, तरी विचारला, कारण थांबवत नव्हतं. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. वर्षभराचं सार्थक.
मग सासूबाई मॅडमकडे वळल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. मॅडमनी ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि माइकवर म्हणाल्या, देवकाते सर, थोडा वेळ बाहेर थांबता का? म्हटलं, का? म्हणाल्या, सरपंचबाई जावयासमोर बोलत नाहीत. आणि मग म्हणाल्या, तुमच्या प्रबंधात ही गोष्ट एकदाही आलेली नाही.
सगळा हॉल हसला. गाव क सर्वांत जास्त. आबाही. हिंदुराव तेवढा हसला नाही.
मी बाहेर आलो. मागे दार लागलं.
व्हरांड्यात कुणी नव्हतं. वर कर्णा. आणि कर्ण्यातून तो आवाज आला. खणखणीत, जरा घोगरा. आधी गटाराचं सांगितलं. ठेकेदाराला तीनदा काम उकरायला लावलं ते. मग भिंतीचं. नवऱ्याला नोटीस दिल्यावर त्याने दोन दिवस हातची भाकर खाल्ली नाही, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खाल्ली, पर भिंतीकडं तोंड करून बसला, असं म्हणाल्या. आत लोक खुर्च्यांवरून पडत असावेत. गेटवरचा पानवाला दुकान सोडून लिंबाखाली येऊन उभा राहिला. रिक्षावाले थांबले. मीच आणवलेले कर्णे, एक शब्द वाया जात नव्हता.
मग त्या म्हणाल्या, आता जरा घरचं बोलती. आमचं जावय भाईर हुबं हायती. त्यास्नी ऐकू जातंय, मला ठावं हाय. अकरा वर्सं त्यांच्यासंगं बोलाया मिळालं न्हाय. रीत हाय, तिला काय करता. त्यांनी उंबऱ्याभाईरनं लई इचारलं, म्या दाराआडनं समद्याची उत्तरं दिली. पर त्यांनी लिवलं, आबा बोललं. मनिषानं दावलं मला लिवल्यालं.
हॉलमध्ये कुणी हसलं नाही.
मग म्हणाल्या, जावयबापू, हिंदुराव मास्तरांवर तुमचा राग हाय. असू द्या, पुरुषासारखं भांडा त्यांच्यासंगं. पर त्यो राग माज्या गावावर काडू नका. मी नामधारी न्हाय. लोकांच्या शिव्या खाऊन ह्ये गाव चालीवलंय म्या चार वर्सं. तुमी वाईट हाय असं म्या म्हनत न्हाय. माजी लेक तुमी सुखात ठिवलीय. तसंच माजं नाव बी नीट ठिवा, येवढंच.
टाळ्या बराच वेळ वाजल्या. मला राग आला. मग लाज वाटली. मग परत राग आला, पण तो हिंदुरावपर्यंत पोचेना, वाटेतच माझ्यापाशी थांबला. मी कर्ण्याकडे मान वर करून 'बरं' म्हणालो. मोठ्याने म्हणालो. पानवाल्याने वळून बघितलं.

नंतर मॅडम भेटल्या. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची प्रकरणं काढा म्हणाल्या. ती काढली तर प्रस्तावना आणि संदर्भसूची उरते. नव्याने लिहायला वेळ नाही, एक्स्टेन्शन नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. संभाजीराव सर जवळच होते, त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि मग हिंदुरावशी चार्ज घेण्याबद्दल बोलायला गेले. एक तारखेपासून हेड तो. त्याने माझ्यापाशी येऊन म्हटलं, सर, शनिवारचे तास मी परत घेतो. मी म्हटलं, नको. का म्हटलं ते माहीत नाही.

जेवणाची पंगत मागच्या पटांगणात. मी आबांशेजारी. समोर मॅडम आणि हिंदुराव. गावच्या बायकांनीच वाढायला घेतलं. सासूबाई आमटी वाढत वाढत माझ्या पानापाशी आल्या आणि थांबल्या. पदर परत नाकापर्यंत. हातभर अंतर होतं. मी सतरा वर्षं पंचेचाळीस-पंचेचाळीस मिनिटांची लेक्चरं देतोय. काय बोलायचं तेही व्हरांड्यात ठरवून ठेवलं होतं.
आबांना म्हटलं, त्यांना सांगा, मला ऐकू आलं.
आबांनी घास थांबवला. म्हणाले, आता तुमीच सांगा की. हितंच हुबी हाय.
त्या हलल्या नाहीत. वाट बघत होत्या. मॅडमही बघत होत्या, हिंदुरावही, मनिषा वाढायचं टाकून बघत होती. मी मान वर केली. पदराच्या आतला चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता, तो आताही दिसला नाही. तोंड उघडलं.
मग आबांना म्हटलं, त्यांना म्हणावं, थोडा भात वाढा.